दिवसाला एक भीती

चहाचा कप त्याच्या हातात हळूहळू कलंडत होता आणि तो तिच्याकडे बघत होता. बघत होता असं आपलं म्हणायचं. "उद्या त्या दुकानात फोन करून," इथपर्यंत वाक्य आलं होतं आणि पुढचा शब्द आलाच नाही. डोळे उघडे, पापणी हलत नाही, ओठ मात्र कशाची तरी चव घेतल्यासारखे बारीक हलतायत, आणि गरम चहा कपाच्या काठावरून त्याच्या मांडीवर, मांडीवरून फरशीवर. चटका बसल्याचं काही चेहऱ्यावर नाही. मग जसा गेला तसा तो परत आला. "विचारतो, कयाक कुठल्या कुठल्या आहेत त्यांच्याकडे," असं म्हणून त्याने वाक्य पुरं केलं, खाली बघितलं, "अरेच्चा, सांडला की," म्हणाला आणि फडकं आणायला उठला. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला आठवलं की आजची भीती सकाळीच खर्च झाली आहे. गॅसच्या नळीवर.

आता हा काय प्रकार, तर त्या घरात एक नियम होता. ती जात्याच भित्री. पंखा अंगावर पडेल म्हणून पलंग सरकवणारी, कुलूप लावल्यावर दोनदा जिना चढून परत ओढून बघणारी, नवरा फोन उचलत नाही म्हटल्यावर त्याच्या ऑफिसच्या पहारेकऱ्याला वर पिटाळणारी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते तिच्याकडे बघूनच कोणीतरी म्हटलं असावं. धाकटा दीर तिला भोंगा म्हणायचा. "वहिनी, आज भोंगा वाजला की नाही अजून?" असं दारातूनच विचारत यायचा. शेवटी थोरल्या नणंदेने, ती शाळेत मुख्याध्यापिका, एका दुपारी सगळे जेवत असताना निकाल दिला. "हे बघ बाई, दिवसाला एकच. नीट निवडायची, त्यातल्या त्यात बरी असेल ती बोलायची, आणि आम्ही सगळे मुकाट्याने ऐकणार. बाकीच्या आपल्याजवळ ठेवायच्या." सगळे हसले, तीही हसली. आणि गंमत अशी की नियम चालला. खरं सांगायचं तर तिला तो आवडलाही. सकाळी दात घासता घासता ती दिवसभराच्या भीतींमधून एक उचलायची, बाकीच्या मग आपोआपच फिक्या पडायच्या. नवरा ती एक मनापासून ऐकायचा, मान डोलवायचा, गॅसची नळी तर त्याने त्याच दिवशी बदलून आणली. घरात शांतता आली. तिला वाटायचं, इतक्या वर्षांत आपल्याला हे कसं सुचलं नाही.

तर त्या संध्याकाळी ती गप्प बसली. उद्या बोलू म्हणाली मनाशी. सकाळी उजाडलं तेव्हा तो बाथरूममध्ये गुणगुणत होता, मांडीवरचा लाल डाग तिला दाखवून, "बघ, म्हातारा झालो, चहा धरता येईना," म्हणून हसत होता, आणि त्या उन्हात कालची गोष्ट अगदीच काहीतरी वाटली. विचारात असेल माणूस. कामावर काय कमी डोकं पिकतं त्याचं? लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीच्या तक्रारखोलीत तो बसायचा. शहरात कुठेही कोणी लिफ्टमध्ये अडकलं की आतल्या लाल बटणाचा फोन त्याच्या कानात वाजायचा. खोलीला खिडकी नाही, समोर भिंत, भिंतीवर दिवे, आणि कानात दिवसभर घाबरलेली माणसं. कोणी रडायचं, कोणी शिव्या द्यायचं, कोणी देवाचं नाव घ्यायचं, आणि हा एकसुरी, पायघड्या घातल्यासारख्या मऊ आवाजात त्यांना बोलतं ठेवायचा. बायको घरी घाबरते आणि परकी माणसं ऑफिसात, माझं नशीबच घाबरट, असं तो चारचौघांत म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याला माणसाचा आवाज नको असायचा. खडकावर गळ टाकून बसायचा. खडकावरून मिळून मिळणार काय, बोटाएवढे मासे. मोठे मासे पार तिकडे, पाण्याचा रंग बदलतो तिथे. "मासे तिकडे आणि मी इकडे, हा काय संसार झाला?" म्हणाला, आणि पन्नाशीचं आपलंच आपल्याला बक्षीस म्हणून कयाक घ्यायची ठरवली. कयाक म्हणजे एकट्याची होडी. त्यातला 'एकट्याची' हा शब्द तिच्या कानात कुसळासारखा राहिला.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा तो सफरचंद सोलत होता. सालीची लांब पट्टी सुरीखाली लोंबत होती आणि सुरी थांबली. ती समोर बसून उसवलेली उशी शिवत होती, सुई हातातच राहिली. पुन्हा ते उघडे डोळे. डोळे म्हणजे तिचा रोजचा धंदा. चष्म्याच्या दुकानात ती मापं घ्यायची, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर छोटी पट्टी धरायची, "माझ्या कपाळाकडे बघा" म्हणायची आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायची. वीस वर्षं हेच. बघणारा डोळा कसा असतो, कंटाळलेला कसा, रडून आलेला कसा, खोटं बोलणारा कसा, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. विचारात गढलेला माणूससुद्धा कुठेतरी बघत असतो, आतल्या आत का होईना. हे डोळे कुठेच बघत नव्हते. दिवा चालू आणि घरात कोणी नाही. मग साल पुन्हा सरकली, तुटली, त्याने फोड तिच्यापुढे केली. "घे ना," म्हणाला. "अशी काय बघतेस?" तिने फोड घेतली आणि खाल्ली. त्या दिवसाची भीती अजून शिल्लक होती, तरी ती बोलली नाही. इथे मात्र नियमाचं नाव पुढे करून चालणार नाही, हे तिला स्वतःलाही कळत होतं.

का बोलली नाही? रात्री कूस बदलत तिने हाच प्रश्न स्वतःला हज्जारदा विचारला. तो हसेल म्हणून? हसलाच असता. लांडगा आला रे आला करून इतकी वर्षं तिने गाव गोळा केलं होतं, आता खरा लांडगा दारात उभा राहिला तरी लोक घोरतच पडणार. पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण असं, की तिची आजवरची एकही भीती खरी झाली नव्हती. एकही. पंखा पडला नाही, कुलूप कोणी फोडलं नाही, नवरा दर वेळी धडधाकट घरी आला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, पण तिच्या पाठीचा ब्रह्मराक्षस कधी कोणाला दिसला नव्हता, आणि हीच तिची सगळ्यात मोठी ठेव होती. ही भीती त्याच ढिगात पडून राहिली तर तीही इतरांसारखी खोटी निघेल. बाहेर काढली, त्याने ऐकली, डॉक्टरांनी ऐकली, तर ती भीती राहणार नाही, दुसरंच काहीतरी होईल. म्हणून तिने ती ठेवून दिली. अधूनमधून हात लावून बघायची, आहे ना जागच्या जागी. आणि तोवर तो रोज संध्याकाळी फोनवर कयाकची चित्रं बघत बसायचा. लांब असली की सरळ जाते, रुंद असली की डुलत नाही, लांब घ्यावी की रुंद? पायाने चालवायची घ्यावी की वल्ह्याची? ती "हं, हं" म्हणायची आणि तिच्या डोळ्यांपुढे यायचं पाणी. किनाऱ्यापासून लांब, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि त्यावर डोळे उघडे ठेवून बसलेला एक माणूस. चहा सांडला तेव्हा खाली फरशी होती.

रविवारी दुकानात जायचं ठरलं. सकाळी दात घासताना तिने निवडायला वेळ घालवलाच नाही. आजची हीच. गाडीत बोलायचं, पूल ओलांडला की. वाक्यही बसवून ठेवलं होतं, 'मी सांगते ते आधी ऐक आणि मग हस.' पूल आला आणि गेला. त्याने शेजारी हात लांब करून तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाला, "आलीस बरोबर, बरं वाटलं. मला वाटलं होतं, तू काहीतरी कारण काढशील." इतका खूश दिसत होता, की परतीच्या वाटेवर बोलू, असं तिने ठरवलं. आणि गाडी हाच चालवतोय. इतक्या दिवसांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं, ते आत्ता आलं. पुढचा सगळा रस्ता ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. तो म्हणाला, "काय, पुन्हा प्रेमात पडलीस की काय या वयात?"

दुकान खाडीच्या काठावर होतं, जुन्या बर्फकारखान्याच्या पडवीत. कयाका भिंतीला उभ्या टेकवलेल्या, काही आडव्या घडवंचीवर. आत रबराचा आणि ओल्या दोरखंडाचा वास. मालकीणबाई आडव्या बांध्याच्या, केस पुरुषासारखे कापलेले, पायात प्लास्टिकच्या चपला, बोलणं तोंडावर फटकन. "समुद्रात जाणार ना? मग आत पाय घालून बसायची नको, वर बसायची घ्या. उलटली तर माणूस अडकत नाही, बाहेर पडतो. आणि लांबीच्या नादी लागू नका. पहिली होडी रुंद असावी." त्याने वाकून, हात फिरवून, ठोकून सगळं बघितलं. त्याला करड्या रंगाची आवडली. मालकीणबाई म्हणाल्या, "करडी पाण्यात दिसत नाही. शोधायला येणाऱ्यांना दिसावी लागते. भगवी नाहीतर पिवळी." 'शोधायला येणाऱ्यांना' हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की तिने शेजारची घडवंची धरली. शेवटी भगवी ठरत आली. मागे गळ उभे करायला दोन नळ्या, मध्ये मासे ठेवायचा झाकणाचा कप्पा. ती वाकून बघायला गेली आणि बसायच्या जागेच्या बाजूला तिला भोकं दिसली. आरपार. चांगली अंगठा जाईल एवढी, खालची घडवंची दिसत होती त्यातून. आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं, "अगं बाई, होडीला भोकं आहेत ही. बुडेल की."

मालकीणबाई हसल्या. "ती ठेवलेलीच असतात. लाटेचं पाणी वर येतं ना, ते त्यातून खाली जातं. आतून होडी पोकळ आणि बंद, ती कुठे बुडतेय?" नवऱ्याने तर हातावर टाळीच मागितली. "झाली," तो म्हणाला. "आजची झाली तुझी. भोकांवर घालवलीस." मग मालकीणबाईंना तो नियम समजावून सांगितला, रंगवून, नणंदेची नक्कल करून. त्या बाई पोट धरून हसल्या. तीही हसली, काय करणार? सकाळपासून जिवापाड जपून आणलेली गोष्ट, आणि हातातून गेली ती कशावर, तर भोकांवर. मला मेलीला कधी म्हणून अक्कल येणार नाही, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच आहे असं दोघांनाही वाटलं.

"एक मात्र आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे एक पद्धत आहे. मागे खाडीत न्यायची, मुद्दाम उलटी करायची, पाण्यात पडायचं आणि परत वर चढायचं. चढता आलं तर विकते. नाही आलं तर पोहायला शिका, दंड कमवा, पुढच्या वर्षी या." हे ऐकून तिच्या जिवात जीव आला. नाहीच येणार चढता. पन्नाशीचं शरीर, दिवसभर खुर्चीत बसणारं, जिना चढताना धाप लागते. न चढता आलं की खेळ खलास, आणि आपल्याला काही बोलायलाच लागणार नाही. तो लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत असताना ती धक्क्यावर उभी राहून अगदी मनापासून, हात जोडल्यासारखी, हरू दे याला, हरू दे, असं म्हणत होती. ओहोटी लागली होती. पाणी उथळ, हिरवट, सावकाश समुद्राकडे सरकणारं. मालकीणबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून सांगत होत्या, पोटावर झोपा, पाय मारा, आधी छाती वर, मग कुल्ले, घाई नको. पहिल्यांदा तो चढता चढता पलीकडे पडला. दुसऱ्यांदा पाय घसरला. तिला वाटलं, आता ओशाळून बाहेर येईल. तिसऱ्या वेळी तो सीलमाशासारखा पोटावर सरपटत वर आला, वळला, बसला आणि दोन्ही हात वर करून ओरडला. मालकीणबाईंनी पाठीवर थाप मारली, वल्हं हातात दिलं. "पास. जरा फिरवा इथल्या इथे. वल्हं बांधायची दोरी आत राहिली, ती घेऊन येते आणि बिलाचं बघते." आणि त्या पाणी निथळत पडवीकडे गेल्या.

तो फिरवत होता. चार हात टाकले, एक बरीशी गिरकी घेतली, तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. मग वल्हं थांबलं. दमला असेल, ती स्वतःला म्हणाली. बसू दे जरा. होडी आपली आपण वळली, त्याचा चेहरा तिच्यासमोर आला, आणि ओठ हलताना तिला धक्क्यावरून दिसले. तेच, चव घेतल्यासारखे. वल्हं एका बाजूला कललं, त्याच्या बोटांतून सुटलं, पाण्यावर आडवं झालं आणि वाहू लागलं. होडीही वाहू लागली, जरा मागून, खाडीच्या तोंडाकडे. जन्मभर जरा खुट्ट झालं की ओरडणारी बाई ती, पण आत्ता आवाजच फुटेना. तिने मालकीणबाईंकडे मान वळवली, पडवीत अंधार होता. मग ती धक्क्याच्या पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं, तिथे ती बसूनच घसरली आणि चपलांसकट पाण्यात गेली. पाणी गुडघ्यांना लागलं, मांड्यांना लागलं, खालचा चिखल चपला ओढून घेत होता, आणि कमरेपर्यंत भिजेस्तोवर तिला एवढंच कळत होतं, की तो बसलेला आहे, सरळ बसलेला आहे, एका अंगाला जरी झुकला तरी संपलं. होडीच्या शेंड्याला उचलायची पट्टी होती ती तिच्या मुठीत आली. तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. इतक्या जवळून या डोळ्यांत ती कधी बघायला गेली नव्हती. त्यात ऊन होतं आणि दुसरं काही नव्हतं.

मग पापणी मिटली. उघडली. त्याला ती दिसली.

"अगं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा आनंदाने फुलून आला. "तू पाण्यात? तू? अगं, मला आधी सांगायचं नाहीस, फोटो काढला असता. बघितलंस ना, चढलो की नाही?"

"तू आत्ता कुठे होतास?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"मी हाक मारली असती तर ऐकू आली नसती तुला. तू नव्हतास इथे."

"हे बघ, आजची तुझी झाली आहे. नियम म्हणजे नियम."

"ही आजची नाही," ती म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वीची आहे. चहा सांडला होता ना मांडीवर, त्या दिवसाची."

तो हसला. मान हलवत, भोंगा गं भोंगा, असं पुटपुटत तो वळला आणि धक्क्याकडे वल्हवायला त्याने दोन्ही हात पुढे घेतले. मुठी आवळलेल्या, कोपरं वाकवलेली, अगदी वल्हं धरल्यासारखी. ते हात हवेतच राहिले. त्याने मुठी उघडून बघितल्या. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मांडीखाली चाचपलं. मग त्याला ते दिसलं. बांधून ठेवलेल्या मचव्यांच्याही पलीकडे, पिवळं पातं पाण्यावर चमकत सावकाश चाललं होतं.

"माझ्या हातात होतं," तो म्हणाला.

"हो."

"आत्ता होतं गं. आत्ता मी वळवली ना होडी."

"आत्ता नाही. मघाशी."

तो त्या वल्ह्याकडे बघत राहिला. एवढ्या लांब जायला त्याला किती वेळ लागला असेल, ओहोटी केवढी, पाणी किती संथ, हे तो मनात जुळवतोय, ते तिला स्वच्छ दिसत होतं. उत्तर येत नव्हतं, किंवा येत होतं आणि त्याला नको होतं. पडवीतून मालकीणबाईंचा आवाज आला, "रंग भगवाच ना? मग बिल करते." त्याने होडीची कड दोन्ही हातांनी धरली. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"किती वेळा झालं?" त्याने विचारलं. आवाज खाली आणला होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"मी बघितलं ते तीनदा."

"आणि तू नसतेस तेव्हा?"

तो तिच्याकडे बघत होता. लग्न झाल्यापासून तिला एकच वाटत आलं होतं, कोणीतरी एकदा तरी आपली भीती अशी, न हसता, पुरती ऐकून घ्यावी. आता तो ऐकत होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता, आणि तिला ते बघवेना. हस रे, तिला वाटलं. म्हण भोंगा. म्हण काय वाटेल ते.

"सुटलं असेल हातातून," ती घाईघाईने म्हणाली. "ओल्या हातातून सुटतंच. आणि मी काय, उगाच घाबरते. सगळ्यांना माहीत आहे माझं. पंखा पडला का कधी? नाही ना पडला? तसंच हे."

त्याने मान हलवली. नाही म्हणून हलवली की नको म्हणून, ते तिला कळलं नाही. पाण्याची एक बारीक लाट आली, भोकांतून वर चढली, त्याच्या पायांवरून फिरली आणि परत खाली गेली, आणि तेवढ्यानेही तो दचकला. त्याने एक हात कडेवरून सोडवला आणि तिच्या खांद्याचं कापड मुठीत धरलं.

"मला खाली उतरव," तो म्हणाला.

पाणी कमरेएवढंच होतं.